धुरावरून अग्नीकडे

जिनीव्हा म्हटलें, कीं निळें सरोवर आणि आल्प्सचीं हिमाच्छादित शिखरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु शहराच्या पश्चिमेस, फ्रान्सच्या सरहद्दीवर, दुसरेंहि एक क्षेत्र आहे. शहरांतून निघालेली ट्राम थेट त्याच्या दारापाशीं थांबते. १९५४ सालीं स्थापन झालेली 'सर्न' ही संशोधनसंस्था ती हीच. प्रांगणांत २००४ सालीं भारतानें भेट दिलेली नटराजाची मूर्ति पाहून आपला पाय क्षणभर थबकतो.

वर पाहावें तों शेतें आणि ज्यूरा पर्वताची रांग. खालीं सुमारें १०० मीटरांवर २७ किलोमीटर परिघाचा वर्तुळाकार बोगदा. त्यांत १९८९ पासून २००० पर्यंत इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवीत असत. हे कण लेप्टॉन कुळांतले, आजच्या ज्ञानाप्रमाणें निरवयव. प्रोटॉनांची टक्कर म्हणजे दोन भरलेलीं पोतीं एकमेकांवर आपटणें. लेप्टॉनांची टक्कर दोन सुट्या दाण्यांची. यंत्र इतकें सूक्ष्मवेदी, कीं चंद्राच्या ओढीनें बोगद्याचा परीघ मिलिमीटरभर बदलला, तरी कणांच्या ऊर्जेंत तो फरक उमटे!

धुरावरून अग्नि ओळखावा, हें आपल्या नैयायिकांचें अनुमान येथें नित्य चाले. टॉप क्वार्क निर्माण करण्याइतकी शक्ति या यंत्रांत नव्हती. तथापि सूक्ष्म मापनांवरून त्याचें वस्तुमान आधींच अजमावलें गेलें, आणि १९९५ सालीं अमेरिकेंत तो प्रत्यक्ष सांपडला. हिग्ज कण मात्र हुलकावणी देऊन गेला. पुढें त्याच बोगद्यांत प्रोटॉनांचें यंत्र बसविलें, तेव्हां २०१२ सालीं त्याचेंहि दर्शन घडलें. खोदलेलें वायां गेलें नाहीं.

आतां सरोवराखालून जाणारा सुमारें ९१ किलोमीटरांचा नवा बोगदा योजिला आहे. त्यांत प्रथम पुन्हां लेप्टॉनच धांवावयाचे. जुन्या यंत्रानें सुमारें १.७ कोटी झेड कण दिले. नवें त्याच्या लाखपटींहून अधिक देईल, म्हणजे अत्यंत विरळ धूरहि दिसूं शकेल. खर्च सुमारें १५ अब्ज स्विस फ्रँक. निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. संमति मिळाल्यास २०४५ नंतर यंत्र सुरू व्हावयाचें. नवा कण सांपडेलच, अशी हमी मात्र कोणीहि देत नाहीं. हा द्रव्यव्यय योग्य कीं अयोग्य, याविषयीं विद्वानांतहि मतभेद आहेत.

२०१७ पासून भारत या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे. आपल्या घरांत जीं मुलें आज पाढे घोकीत आहेत, तीं त्या वेळीं ऐन उमेदींत असतील. त्यांपैकीं एखादें त्या यंत्रापाशीं उभें राहील कीं नाहीं, हें कोणी सांगावें? तोंवर त्यांचें गणित पक्कें करून घेणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.