परदेशांतील रात्रीचा मुक्काम

चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां मोटारघरांतून, म्हणजे चालत्या बिऱ्हाडांतून, फ्रान्स पाहावयास निघालों. पहिल्या रात्रीं राजमार्गालगतच्या विश्रामस्थळीं मुक्काम केला. 'दिव्याचा उजेड आहे, भय कसलें?' हें मत आमचेंच. पहाटे पाहतों तों दार उचकटलेलें, आणि कुटुंबाच्या मातोश्रींची चांदीची करंडी गेलेली! गुंगीचा वायु सोडला असावा, असें कोणी म्हणालें. परंतु विलायतेंतील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें ही गोष्ट अशक्यप्राय ठरविली आहे. निद्रा आमची, दोषहि आमचाच.

पुढें शहाणे झालों. तिकडे गांवोगांवीं अशा गाड्यांसाठीं राखलेले तळ असतात. चार बिऱ्हाडें असतील तेथेंच उतरावें. दिवस मावळण्यापूर्वीं पोंचावें, गाडीचें तोंड वाटेकडे ठेवावें, मौल्यवान वस्तु दृष्टीस पडूं देऊं नये. उबेसाठीं स्वयंपाकाची शेगडी पेटवूं नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना गंध. त्याची सूचना देणारें यंत्र अवश्य बाळगावें.

कुटुंब एवढेंच म्हणालें, "घरीं दिंडीची कडी दोनदां हलवून पाहतां, येथें दिव्यावर कसे विसंबलांत?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें.