ग्लासावरचं नाव

पोखर्णी (नृसिंह),
जि. परभणी

चि. ईश्वरी हिस,


तुझं पत्र पोचलं. दादा-वहिनींच्या लग्नाच्या पन्नाशीला घरातल्या ग्लासांच्या संचावर दोघांची नावं, तारीख आणि थोडी वेलबुट्टी घरच्या घरी उमटवायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. तू निवडलेली रीत मात्र पटली नाही. काचेवर स्टिकर चिकटवायचा, मोकळ्या जागेवर ते पांढरं क्रीम थापायचं, थोड्या वेळाने धुऊन टाकायचं आणि नक्षी तयार. हे सोपं दिसतं म्हणूनच जरा सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: नाव क्रीमने खाऊन काढू नकोस, टिंबाटिंबांनी टोचून काढ. आपल्याकडे हंडा, कळशी, परात, ताट यांवर पिढ्यान्‌पिढ्या जशी नावं घातली गेली, तशीच.

आधी क्रीमचं बघू. काचेवर आम्लांचा सहसा काही परिणाम होत नाही, म्हणून तर प्रयोगशाळेत आम्लं काचेच्या बाटल्यांत ठेवतात. याला अपवाद हायड्रोफ्लोरिक आम्लाचा. 1771 मध्ये शेले या स्वीडनमध्ये काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञाने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. काचेचा मुख्य घटक म्हणजे वाळूतली सिलिका. हे आम्ल तीच विरघळवतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या नाहीतर आतून मेण दिलेल्या भांड्यात ठेवावं लागतं. बाजारातल्या क्रीममध्ये हे आम्ल थेट नसतं, बहुधा अमोनियम किंवा सोडियम बायफ्लोराइडसारखे क्षार असतात. पण काचेवर काम होतं ते त्याच रसायनामुळे. त्याचा दुष्टपणा असा की सौम्य असेल तर कातडीला लागल्या लागल्या जाणवत नाही. काही तासांनी ठणका सुरू होतो, तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरून बसलेलं असतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात आणि तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. ते जेल रात्री दहा वाजता कुठे मिळेल, याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? तू म्हणशील, फ्लोराइड तर टूथपेस्टमध्येही असतं. असतं, पण प्रमाण बघ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं, एवढ्यावर लोकांचे दात आणि हाडं बिघडली. डबीतल्या क्रीमची गोष्ट तर त्याच्या कितीतरी पलीकडची. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी एवढी काळजी घेऊन लोक ते वापरतात, सगळेच काही जखमी होत नाहीत, हे मान्य. पण लहान मुलं फिरतात त्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या मोरीवर ही डबी उघडावी, एवढं मोठं कारण तुझ्या कामात मला दिसत नाही.

धोका बाजूला ठेवला तरी दिसण्याचा प्रश्न राहतोच. क्रीमने काच खोल कोरली जात नाही, फक्त वरची तकाकी जाऊन ती धुरकट, खरखरीत होते. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने साध्या, गुळगुळीत ग्लासावरही पांढरा थर धरतो. खरखरीत भागावर तो जास्त घट्ट बसतो आणि चहाचा डाग त्यावरून लवकर निघत नाही. म्हणजे मोठी वेलबुट्टी, भरीव पट्टे, अंगभर मोर यांचं कौतुक पहिला महिना, पुढे घासणाऱ्याच्या कपाळावर आठ्या. टिंबं विरळ असतात, मधली काच गुळगुळीत राहते, फडकं सहज फिरतं.

आता टिंबांकडे येते. लग्नाच्या मांडवात दहा घरची भांडी एकत्र यायची. पंगत उठल्यावर कुठली परात कुणाची हे नावावरून ठरायचं. देवळाला भांडं वाहिलं की त्यावर दात्याचं नाव. लेकीला दिलं की कुणाकडून, कुणास, कधी, हे सगळं तीन ओळींत. हे काम करणारा बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसायचा, टकटक करत एकेक टिंब उठवायचा. पुढे विजेवर थरथरणारं पेन आलं, तरी अक्षर पुष्कळदा टिंबांचंच राहिलं. त्याला कारण आहे. गोल, गुळगुळीत पृष्ठावर रेघ ओढताना हात सरकतो आणि एकदा सरकली की रेघ पुसता येत नाही. टिंब चुकलं तर ते एकच चुकतं, शेजारच्या दोन टिंबांत ते लपवताही येतं.

काचेच्या बाबतीत याहून मोठं कारण आहे. काच कापणारा काय करतो ते आठव. हिरकणीने एक सलग, उथळ रेघ ओढतो आणि जरा दाब देतो. काच त्या रेघेवरच दुभंगते. बाटलीभोवती अशीच रेघ मारून आधी गरम, मग गार पाणी ओतलं की बाटली वेगळी होते. 1921 मध्ये ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने हे गणितात मांडलं: काच हिशेबाने जेवढी मजबूत असायला हवी तेवढी ती नसते, कारण पृष्ठावरच्या बारीक चिरांच्या टोकाला ताण एकवटतो आणि चीर जितकी लांब तितकी ती कमी ताणात पुढे सरकते. आता आपली देवनागरी घे. तिच्या डोक्यावर शिरोरेषा. ‘सदाशिव आणि सुमन’ एवढं ग्लासाच्या पोटावर सलग शिरोरेषेखाली कोरलंस, तर तू काचकाप्याचंच काम अर्धं करून ठेवलंस, उरलेलं अर्धं उकळता चहा करील. रोमन लिपीत एवढं भय नाही, तिची अक्षरं सुटी असतात. म्हणून परदेशी पुस्तकातली कृती जशीच्या तशी उचलू नये.

यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे, तू तो घेशीलच. कवयित्री आना रूमर्स व्हिसर हिने 1621 च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये हिऱ्याच्या टोकाने एका पेल्यावर वळणदार अक्षरं काढली, तीही सलग रेघांची. चारशे वर्षं होऊन गेली तरी पेला शाबूत आहे. खरं आहे. पण तो पेला वाइनचा होता, चहाचा नव्हे, आणि पुढे तो घासायच्या ढिगात न पडता कपाटात गेला. शिवाय त्याच देशात शंभर वर्षांनी फ्रान्स ग्रीनवुड नावाच्या डॉर्ड्रेख्टच्या नोकरदार माणसाने निव्वळ हौसेपोटी रेघ सोडून टिंबांची रीत धरली. नुसत्या टिंबांच्या दाटी-विरळीने त्याने पेल्यावर माणसांचे चेहरे उठवले. जिथे उजेड तिथे टिंबं दाट, जिथे सावली तिथे काच कोरी. त्याच्याकडे शिसं मिसळलेली मऊ इंग्लिश काच होती, आपले रोजचे ग्लास त्याहून कडक असतात. म्हणून चेहऱ्यांच्या नादी लागू नकोस. नावापुरती मात्र आपली काच पुरेशी ऐकते.

दुसरा आक्षेप मीच घेते: टिंबांची ओळ म्हणजे टपाल तिकिटाच्या कडेची भोकंच नाहीत का, फाटायला सोयीची? ओळ सरळ, दाट आणि खोल असेल तर थोडीफार तशीच. म्हणून शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तोड, जोडाक्षरात टिंबांची गर्दी करू नकोस आणि जोर लावू नकोस. पांढरा ठिपका दिसला की थांब, तो खोल जाण्याची काही गरज नाही.

महाराष्ट्रात काचेची परंपरा नाही असंही नाही. 1908 मध्ये पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगावला काच कारखाना निघाला, तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले. 1916 मध्ये कराडजवळ ओगल्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. पण आपल्या घरांत काच आली ती कंदिलाची, बाटलीची, बरणीची. नाव घालण्याचा मान तांब्या-पितळेला आणि मग स्टीलला मिळाला. तेव्हा ग्लासावर नाव घालताना वळण भांड्यांकडूनच उचलावं लागेल, आणि त्यात कमीपणा कसला?

वेळेचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे. क्रीमने अख्खा संच एका संध्याकाळी होईल, टिंबांनी आठवडा जाईल. पाहुण्यांना वाटायला शंभर ग्लास हवे असते तर मी स्वतःच तुला लेझरवाल्याकडे पाठवलं असतं. ते यंत्रही काचेत बारीक बारीक तड्यांनीच नक्षी उठवतं, फक्त न थकता. पण घरच्या संचाला घाई कशाची? वेलबुट्टी गाळ, फक्त नाव आणि तारीख ठेव, काम निम्म्यावर येतं.

करताना एवढं पाहा. ग्लास साधा असावा. टफन्ड काचेला हात लावू नकोस, तिच्या पोटात ताण कोंडलेला असतो, एका टोच्याने सगळा चुरा होऊ शकतो. कागदावर अक्षर लिहून तो आतून चिकटव, मागे काळं फडकं कोंब म्हणजे पांढरं टिंब उठून दिसेल. ग्लास ओल्या टॉवेलच्या घडीत आडवा ठेव. हिऱ्याच्या टोकाचं हातपेन घे. साधी सुई लवकर बोथट होते. टोचण्याच्या जागी पाण्याचा थेंब असू दे, काचेची भुकटी नाकात जाणार नाही. ती फुंकू नकोस, ओल्या फडक्याने टिपून घे. डोळ्यांना चष्मा हवाच. नाव बाहेरच्या बाजूला, ओठ लागतात त्या काठापासून चांगलं खाली, बुडाच्या जाड भागाजवळ घाल. तिथे काच भक्कम असते.

पहिला प्रयोग लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर कर, आणि त्यात एकदा गरम पाणी ओतून बघ. वहिनींचं नाव माहेरचं घालायचं की सासरचं, हे त्यांनाच विचार. जुन्या भांड्यांवर दोन्ही सापडतील. नृसिंह जयंतीला इकडे येणार असशील तर हातपेन बरोबर आण, देवघरातल्या दोन ग्लासांना मलाही नाव घालायचं आहे.

तुझी,
आत्या