विमान उडवायचंय, पण कुठे?

पुतण्याने वर्षभर पैसे साठवून रिमोटचं फोमचं विमान घेतलं आणि पहिल्याच रविवारी मैदानावर उडवलं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून जाऊन ते भिंतीवर आपटलं. कुणाला लागलं नाही, नशीब! मी तिथेच उभा होतो, म्हणजे चूक माझीही.

मग शिकवणारं कुणीतरी शोधायला निघालो. एका ठिकाणी पहिलाच प्रश्न आला, "बजेट किती?" परत फिरलो.

गावाबाहेरच्या माळावर मात्र वेगळीच मंडळी भेटली. एका काकांनी आधी पोराला प्रोपेलरसमोरून बाजूला ओढलं. "मोटर कधीही फिरू शकते बाळा, बोट जाईल." आधी रिमोट चालू, मगच विमानाची बॅटरी. सिग्नल तुटला तर मोटर बंद पडते का, ते जमिनीवरच तपासलं. बघ्यांनी चुन्याच्या रेषेमागे थांबायचं. मला पत्रकार म्हणूनही सूट नाही! मग दोन रिमोट जोडले. पोरगं चुकलं की काका बटण सोडणार, विमान त्यांच्या ताब्यात. कुणी हसलं नाही, फी विचारली नाही.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं, ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत. हेही तिथेच कळलं.

आता त्या माळावर प्लॉटिंगचे दगड लागलेत. वस्तीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब, मोकळी जागा कुणाच्या माहितीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. नगरपालिकेत अर्ज घेऊन मी जातो.