दाभण, सुई आणि कातर

आम्ही दोघीही मराठीच्या प्राध्यापक. एकीचे सासर सणसवाडीचे. दुसरी पुण्याहून नगर रोडची वाहतूक सोसत रोज ये-जा करणारी. चाळिशी उलटल्यावर माणसे बागकाम करतात, योगासने करतात, क्वचित कविताही करतात. आम्ही लोकरीचे प्राणी करू लागलो. मेंढ्या, कोकरे, कुत्री, एकदा एक घुबड, आणि एक हत्ती, जो पाहून शिपाईमामांनी 'डुक्कर छान झालंय' असा अभिप्राय दिला. स्टाफरूमच्या खिडकीपाशी, दुपारच्या मोकळ्या तासाला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून हा उद्योग चाले. सहकाऱ्यांनी प्रथम हसून, मग कुतूहलाने आणि शेवटी 'माझ्या नातीसाठी एक' अशा मागणीने त्याला मान्यता दिली.

या उद्योगाने आम्हांला हत्यारांची गोडी लावली. मराठीत हत्यार, अवजार, साधन, उपकरण असे शब्द आहेत आणि त्यांच्यातली प्रतवारी सूक्ष्म आहे. शेतकऱ्याचे ते अवजार, सुताराचे ते हत्यार, आणि बाईच्या हातातल्या सुईला मात्र यांपैकी कोणताही शब्द सहसा लागत नाही. ती नुसती सुई असते. आम्ही ठरवून 'हत्यारे' म्हणू लागलो.

विणायच्या सुया आमच्याकडे तीन पिढ्यांच्या आहेत. सर्वांत जुनी जोडी सायकलच्या तारांची. आमच्यापैकी एकीच्या आजीने तारांची टोके दगडावर घासून त्या केल्या होत्या. अशी तार साधारण दोन मिलिमीटर जाडीची, म्हणजे बाजारातल्या चौदा नंबरच्या सुईइतकी. आपल्याकडे सुयांचे आकडे अजून जुन्या इंग्रजी पद्धतीने चालतात : आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. दहा नंबर सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर चार. मोठ्या आकड्याला लहान वस्तू, हे शाळकरी मुलांना विचित्र वाटते. गुणपत्रिका तपासणाऱ्या आम्हांला तितकेसे वाटत नाही. प्राणी विणायचा तर सुई लोकरीच्या मानाने एक-दोन नंबर बारीकच घ्यावी लागते, कारण वीण सैल राहिली की आतला कापूस डोकावतो आणि मेंढी फाटक्या उशीसारखी दिसू लागते. स्वेटरचे शास्त्र इथे उपयोगाचे नाही. स्वेटरला लवचीकपणा हवा, मेंढीला ताठा.

क्रोशाची सुई दुसरीच्या हातची. जपानी पद्धतीचे 'अमीगुरुमी' प्राणी तिनेच प्रथम केले : गोल गोल फेऱ्यांत विणत जायचे, टाके वाढवले की पोट येते, कमी केले की मान. सुलट-उलटच्या पाठावर वाढलेल्या आम्हांला ही वर्तुळाकार रचना आधी पचेना. कादंबरीच्या सरळ कथानकानंतर एकाएकी नवकथा हाती यावी, तसे झाले. डोळ्यांसाठी बाजारात प्लास्टिकचे तयार डोळे मिळतात, पण त्यांनी प्राणी बावरल्यासारखा दिसतो. आम्ही तुटलेल्या पोतीतले काळे मणी वापरतो. आणि हातपाय धडाला जोडायला दाभण. पोती शिवायचे, डोळ्याचे भोक मोठे असलेले साधे दाभण. नाजूक सुया मोडल्या, हरवल्या, दाभण टिकले. आमच्या आवडत्या हत्यारांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे.

तरीही आम्हांला खरे वेड लावले ते टोचसुईने. हे नाव आम्हीच दिलेले. नमदा करायची ही सुई दिसायला किरकोळ : बोटाएवढी लांब, वरचे टोक काटकोनात वळलेले, खालचे पाते तिकोनी आणि त्याच्या कडांवर बारीक खाचा. लोकरीचा गोळा फोमच्या तुकड्यावर ठेवून तो या सुईने टोचत राहायचे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. खाचेत अडकलेले तंतू सुईबरोबर आत ओढले जातात, एकमेकांत गुंततात आणि बाहेर येत नाहीत. शेकडो वेळा टोचले की भुसभुशीत गोळ्याची घट्ट गाठ होते. ना धागा, ना टाका. ही सुई मुळात कारखान्यातली. मोठ्या यंत्राच्या फळीवर अशा हजारो सुया बसवलेल्या असतात आणि त्यांच्या वरखाली होण्यातून न विणलेले कापड तयार होते. मोटारीत पायाखाली असतो तो गालिचा बहुधा असाच केलेला असतो. एकच सुई हातात धरून खेळणी, चित्रे करण्याची कल्पना अमेरिकेतील एलिनॉर आणि डेव्हिड स्टॅनवूड या दाम्पत्याची, १९८०च्या दशकातली, असे मानले जाते. यातले डेव्हिड पियानो दुरुस्त करणारे; पियानोच्या हातोड्यांवरही नमदाच असतो.

आमच्या पहिल्या सुया आम्हांला एका माजी विद्यार्थ्याने आणून दिल्या. सणसवाडीच्या आसपास कारखान्यांची दाटी आहे. आमची बी.ए.ची मुले 'बनगरवाडी'वर टिपण लिहून बाहेर पडतात आणि दुसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी फाटकाशी ओळखपत्र लावून उभी असतात. हा मुलगा गालिच्याच्या यंत्रावर होता. झिजलेल्या म्हणून बदललेल्या मूठभर सुया कागदात गुंडाळून घेऊन आला. 'मॅडम, तुमचं ते टोचायचं काम याच सुईचं ना?' यंत्राला नकोशा झालेल्या त्या सुया हाताला मात्र पुष्कळ दिवस पुरल्या. पहिल्याच आठवड्यात दोघींच्या बोटांतून रक्त आले, हे सांगायला हवे. या सुईशी खेळताना बोलू नये, आणि आम्ही तर बोलण्यासाठीच बसलेल्या.

आता लोकर. येथे आमची पहिली फसगत झाली. तुळशीबागेत 'लोकर' म्हणून जे गुंडे आपण आणतो, त्यांतला बहुतेक माल ॲक्रिलिक असतो, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. विणायला तो उत्तम, रंग झकास. पण त्याच्या तंतूला खवले नाहीत. तो हातात जमतच नाही. एक दुपार टोचून टोचून आम्ही हैराण झालो, तेव्हा कुठे ध्यानात आले की आपल्या भाषेत 'लोकर' हा शब्द शाबूत आहे, वस्तू मात्र कधीच बदलून गेली आहे. भाषाशास्त्राच्या तासाला अर्थांतराचे उदाहरण म्हणून आता आम्ही हेच देतो.

खरी लोकर घरामागच्या शेतात होती.

आमच्यापैकी एकीच्या सासरच्या रानात दिवाळीनंतर धनगरांचा वाडा उतरे. ज्यांच्या गावी पाऊस कमी, ते मेंढके कळप घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याआधी परततात. वाटेत ज्याच्या रानात मेंढ्या बसवतील त्याच्या जमिनीला खत मिळते आणि त्यांना धान्य किंवा पैसे. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरे. रात्री मेंढ्यांभोवती वाघर. सासूबाई म्हणत, 'मेंढरं बसली की पुढचं साल निर्धास्त.' दख्खनी मेंढीची लोकर काळी, करडी, राठ. वर्षातून दोनदा कातरून एका मेंढीमागे सारी मिळून अर्धा-पाऊण किलो. हिच्यापासून घोंगडी होतात. सूत कातून, मागावर विणून, वर चिंचोक्याची खळ देऊन. हिचाच पूर्वी बुरणूस होई, म्हणजे न विणता, लोकर दाबून, भिजवून, लाटून केलेला जाड नमदा. म्हणजे आम्ही अमेरिकेतून आली म्हणून जी कला शिकत होतो, तिची थोरली बहीण आपल्या जुन्या कोशांत निवांत बसलेली होती. असो.

घोंगड्यांची मागणी घटली, मांसासाठी वाढवलेल्या, कमी लोकरीच्या मेंढ्या कळपांत शिरल्या, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून जाण्याचे दिवस आले. आम्ही दोन पोती उचलली. वाड्यावरच्या म्हातारीने विचारले, 'काय करतीस गं बाई एवढ्याचं?' आम्ही पिशवीतली मेंढी दाखवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली, कान ओढला आणि म्हणाली, 'हिला शेपूट लांब झालंय.' खरेच झाले होते. त्या वर्षी लोकरीच्या बदल्यात आम्ही चहापूड आणि किलोभर साखर दिली. आपण उदार आहोत असे आम्हांला तेव्हा वाटले.

ती लोकर रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली. कुसळे वेचण्यात एक उन्हाळी सुट्टी गेली. पिंजायला कुत्र्याचे केस विंचरायचा तारेचा ब्रश वापरला. आणि मग जी मेंढी उभी राहिली ती गुळगुळीत नव्हती. अंगभर राठ केस उभे, रंग पावसाळी ढगासारखा. ती मेंढीसारखी दिसत होती, खेळण्यासारखी नव्हे. आम्ही फार खूश झालो.

पुढे महाविद्यालयात ८ मार्चला प्रदर्शन भरले. आम्ही मेंढ्यांचा कळपच मांडला, किंमत प्रत्येकी साडेतीनशे रुपये, रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीला. शेजारी भित्तिपत्रक : 'आमची आवडती हत्यारे'. सुया, क्रोशा, दाभण, टोचसुई, ब्रश, प्रत्येकाचे रेखाटन आणि खाली चार ओळी. एका कोपऱ्यात गुंथर सोन्थायमर यांचा उल्लेख. या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा जमवण्यात आयुष्य घातले. मेंढ्या वारुळातून बाहेर आल्या ही कथाही त्यांच्या लेखनात आहे. वारूळ काढून आम्ही त्यातून लोकरीचे कोकरू डोकावत ठेवले होते. पाहणारे वाहवा करत होते.

द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी पुष्कळ वेळ उभा होता. वर्गात मागे बसणारा, कमी बोलणारा. त्याने भित्तिपत्रक शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, 'मॅडम, यात कातर नाही?'

आम्ही म्हटले, कातर म्हणजे, कात्री आहे ना, ही धागा कापायची.

'ती नाही. मेंढरं कातरायची.' मग थोडे थांबून, 'लोकर आमच्या वाड्यावरची आहे. आजीनं सांगितलं होतं, मास्तरणी बाई घेऊन गेल्या.'

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. उत्तर देता आले असते. दोन वर्षे तो आमच्यासमोर बसत होता. आम्ही त्याला माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिकवली होती, धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची गोष्ट, दुष्काळात उठून जाणारी वस्ती, लेखकाची तटस्थता, भाषेची काटकसर, सगळे. वर्गात कुणी त्या जगातून आलेले आहे का, हे विचारायचे आम्हांला सुचले नव्हते. कादंबरीतला मास्तर निदान वस्तीवर जाऊन राहिला होता.

त्या रात्री आम्ही फोनवर हिशेब केला. एका मेंढीची वर्षाची लोकर, धुऊन घट होऊन, चारशे ग्रॅम धरू. आमच्या एका प्राण्याला पंचवीस ग्रॅम लागते. म्हणजे सोळा प्राणी, पाच हजार सहाशे रुपये. दोन पोत्यांत किती मेंढ्यांची लोकर होती ते आम्ही मोजले नव्हते. निधी चांगल्या कामाचा होता, श्रम आमचे होते, लोकर टाकूनच दिलेली होती. ही तिन्ही वाक्ये आम्ही एकमेकींना ऐकवली आणि तिन्ही खरी असूनही झोप लागली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो मुलगा आम्हांला कातरणी पाहायला घेऊन गेला. मेंढ्या ओढ्यात धुऊन वाळवलेल्या. भाऊबंद एकमेकांच्या कळपाला मदत करायला आलेले. कातर हातभर लांब, दोन पात्यांची, मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या. त्याचे वडील मेंढी आडवी करत, तिचे पाय बांधत आणि पाते कातडीला लागून असे सरकवीत की लोकर एकसंध, चादरीसारखी सुटून येई. आम्ही मागितली म्हणून कातर आमच्या हातात दिली. चार वेळा चालवली. पाचव्या वेळी मेंढीने झटका दिला आणि तिच्या कुशीला ओरखडा उमटला. वडिलांनी काही न बोलता हळद चोळली आणि कातर परत घेतली. 'बाई, तुमचं लिवायचं काम,' एवढेच म्हणाले. टोचसुईने कमावलेला आमचा सगळा हस्तकौशल्याचा अभिमान त्या ओरखड्यापाशी संपला. आमच्या हत्यारांपुढचा प्राणी कधी हलला नव्हता.

लोकरीचे पैसे आम्ही देऊ केले. किती द्यावे, हे त्यांनाही ठरवता येईना. जिला भावच उरलेला नाही तिचा भाव सांगणार कसा? शेवटी पोत्यामागे एक रक्कम ठरली, मुलानेच ठरवली, आणि ती आम्हांला वाटली होती त्याहून बरीच जास्त होती. आम्ही घासाघीस केली नाही. तेव्हापासून मेंढीची किंमत पाचशे आहे आणि तिच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लोकर कुठली, हे लिहिलेले असते. काही सहकाऱ्यांना ती महाग वाटते.

सासरच्या शेजारचे रान आता प्लॉट पाडून विकले गेले आहे. तारेचे कुंपण आले, आणि वाड्याची जुनी वाट त्यात अडकली. मागच्या दिवाळीनंतर मेंढ्या आमच्या रानात बसल्या नाहीत. सासूबाई शेणखताची ट्रॉली विकत घेतात आणि दर वेळी कुरकुरतात. तो मुलगा आता एम.ए.ला आहे, प्रबंधिकेसाठी आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो आहे आणि आम्ही सुचवलेल्या तिन्ही शीर्षकांना त्याने नकार दिला आहे. परवा त्याचा निरोप आला : यंदा वाडा पाबळच्या बाजूला आहे, कातरणी रविवारी. जायचे ठरले आहे. येताना दाभण आणा, असे त्याच्या आजीने सांगितले आहे. पोती शिवायला त्यांच्याकडे एकच आहे आणि तेही वाकलेले.