पालमचे दोन हप्त्यांतले मतदान

परभणीहून पालमला जायचे तर आधी गंगाखेड गाठावे लागते. एस.टी.ने गोदावरीचा पूल ओलांडला की जनाबाईचे गंगाखेड येते आणि तेथून लोह्याकडे निघालेल्या रस्त्यावर पालम लागते. दोन्ही अंगाला काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. आम्ही गेलो ते दिवाळी उलटल्यावर. वाटेत ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसत होत्या. बाजेखाली कोंबड्या बांधलेल्या, पिंपे, सरपण आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे.

निघण्यापूर्वी आम्ही परभणी स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून आलो होतो. १० डिसेंबर २०२४ रोजी येथेच संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. काचेतल्या संविधानाला हात लावलेला आपल्याला दिसतो. पण त्याच संविधानातले एखादे कलम वर्षानुवर्षे पाळलेच जात नाही, तेव्हा दगडही पडत नाही आणि काचही फुटत नाही. पालमला जाऊन आम्हाला हेच पाहायचे होते.

वाचकहो, हा सारा मुलूख निजामाचा. येथल्या आपल्या आजोबा-पणजोबांना राज्यकारभारात मत नव्हते. १९४८ साली संस्थान भारतात सामील झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत गावकुसाबाहेरच्या माणसाने पहिल्यांदा मतपत्रिका हातात घेतली. पाटलाचे एक मत आणि वेठबिगाऱ्याचेही एकच मत! बाबासाहेबांनी या मतासाठी १९१९ पासून झुंज दिली. साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला ते उभे राहिले तेव्हा त्यांचे वय होते सत्तावीस.

मत देणे एक आणि मतदार यादीत नाव टिकवणे दुसरे, हे बाबासाहेब पक्के ओळखून होते. संविधानाच्या पहिल्या मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी वेगवेगळे आयोग होते. १५ जून १९४९ रोजी त्यांनी ते कलम बदलून मांडले. भाषेने, वंशाने, संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना काही प्रांतांत यादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींची यादी व निवडणूक त्यांनी प्रांतिक सरकारच्या हातातून काढली आणि एका स्वतंत्र आयोगाकडे दिली. तेच आजचे ३२४ वे कलम.

गावच्या आणि जिल्ह्याच्या निवडणुका मात्र राज्याच्या कायद्यावर राहिल्या. १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. प्रत्येक राज्याला वेगळा निवडणूक आयोग मिळाला. पंचायत असो की पालिका, मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे असे संविधानात लिहिले गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि स्त्रियांच्या जागाही त्यातच पक्क्या झाल्या. इतर मागासवर्गीयांच्या जागा राज्याच्या कायद्यावर सोडल्या, आणि गाडी अडली ती येथेच.

पालमला नगरपंचायत आहे. सतरा प्रभाग, सतरा सदस्य. राज्यातल्या १०६ नगरपंचायतींबरोबर पालमचीही निवडणूक लागली आणि मतदान ठरले २१ डिसेंबर २०२१ ला. मागासवर्गीयांच्या २७ टक्के जागांसाठी आधी आयोग नेमा, माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये सांगितले होते. सरकारने माहिती गोळा न करता वटहुकूम काढला. डिसेंबरात, ऐन निवडणुकीत, न्यायालयाने तो थांबवला. त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ ला घेतले आणि दुसऱ्या दिवशी सगळी मतमोजणी एकदम झाली. एकाच गावात या गल्लीचे मत डिसेंबरात आणि पलीकडच्या गल्लीचे जानेवारीत! नुकसान झाले ते आपल्या ओबीसी बांधवांचे. त्यांच्या हक्काला न्यायालयाने नाही म्हटले नव्हते. सरकारने आपले काम वेळेवर केले नाही, एवढीच गोष्ट.

तरी शहराचे निभावले. खेड्यांचे काय झाले? परभणी जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पालम पंचायत समितीला गटविकास अधिकारी प्रशासक झाले. त्याच महिन्यात विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. ज्याला निवडून यायचे त्यानेच मतदारसंघाच्या रेघा ओढायच्या, असला हा न्याय! मग खटले झाले, तारखा पडत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले. ती मुदतही वाढली आणि जिल्हा परिषदेचे मतदान फेब्रुवारी २०२६ वर आले. पाच वर्षांची मुदत सांगणाऱ्या संविधानाच्या देशात जवळपास चार वर्षे रिकामी गेली.

हे आपल्या वस्तीला कसे भोवते? अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीचा रस्ता, नाली, समाजमंदिर यांचा निधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून येतो. त्या समितीचा सभापती मागासवर्गीयांतला असतो. समितीच नाही म्हटल्यावर सभेत उठून ‘आमच्या वस्तीची फाईल कुठे आहे’ असे विचारणारा कोण? अधिकारी भला असेलही, पण पाच वर्षांनी त्याला आपल्या दारात मत मागायला यायचे नसते. लेंडी नदीला पूर आला की पालमजवळच्या गावांची वाट बंद होते. अशा वेळी कोणाच्या दारात जाऊन बसायचे हे गावाला ठाऊक असावे लागते.

मतदानाच्या तारखाही पुन्हा पाहा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. वाटेत आम्हाला दिसलेल्या त्या ट्रॉल्या याच महिन्यांत कारखान्यावर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांची नावे पालमच्या यादीत, ती मात्र दीड-दोनशे मैलांवर उसाच्या फडात. निवडणुकीच्या कामावरल्या कर्मचाऱ्याला आणि सैन्यातल्या जवानाला टपालाने मत देता येते, ऊसतोड मजुराला येत नाही. उमेदवाराने गाडी पाठवली तर तो येतो, आणि ज्याची गाडी त्याचा आग्रह. चार वर्षे उशीर करून पुन्हा हेच महिने यावेत, हे आम्हाला फार खटकले.

आणखी एक घरगुती बाब आयाबहिणींसाठी. स्थानिक निवडणुकीला वेगळी यादी नसते. गंगाखेड विधानसभेचीच यादी गणवार, प्रभागवार फोडली जाते. या फोडाफोडीत एका घरातली नावे दोन प्रभागांत जातात. सासरी आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या गावातच राहते. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीला दिवस थोडे असतात, म्हणून ती त्याच दिवशी वाचावी. पालमला एक म्हातारी आई आम्हाला म्हणाली, “बाबा, माझं नाव हाय, पण सुनेचं नाही. ती तर दर साली कारखान्यावर.” सुनेच्या नावाचा कागद तिने पिशवीत घडी करून ठेवला होता. तहसील कचेरी उघडायला अजून अर्धा तास होता.