मोडीच्या भावात

जुना फोन, जुने कायदे, जुन्या सवयी, सगळं आपण सहज 'मोडीत काढतो'. शिरूरच्या बाजारात मात्र मोड ही अजूनही तागडीत टाकायची वस्तू आहे. पिचकी घागर, तळ गेलेलं पातेलं भांड्यांच्या दुकानात न्यायचं. दुकानदार वजन करतो आणि मोडीचा भाव देतो. त्या भावात घडणावळ धरत नाहीत. कुणी घडवलं, गळ्यावर कुणाचं नाव कोरलंय, त्याचे पैसे शून्य. सोनाराकडेही हाच हिशोब.

शब्द 'मोडणे'वरून आला. प्राकृतात 'मोडइ' आहे, इतका जुना. भंगारही 'भंग'मधूनच आलेलं, पण भंगारवाला दारावर येतो आणि मोड आपण स्वतः पिशवीत घालून नेतो. तिचा धातू पुन्हा भट्टीत जाऊन भांडं होणार असतो. शंभराचे सुटे मागतानाही आमच्याकडे 'मोड आहे का?' असंच विचारतात.

मोडी लिपीचं नावही बरेच जण याच क्रियापदाशी जोडतात: हात न उचलता झरझर लिहिता यावं म्हणून अक्षरांची वळणं मोडलेली. छापखान्याला ती सोयीची नव्हती. 1950च्या दशकापर्यंत तिचा रोजचा वापर संपत आला. मोडीच मोडीत निघाली! पण आज जमिनीचा जुना कागद सापडला की लोक मोडी वाचणारा शोधत फिरतात आणि पानामागे पैसे मोजतात.

आजीचं माहेर दौंड–बारामती मार्गावरचं. तिच्या लग्नाच्या वेळी तिथे नॅरोगेजची छोटी गाडी होती. आता ब्रॉडगेज आहे. माहेरहून आलेला पितळी हंडा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निघाला. आई म्हणाली, "मोडीत देऊन टाकू." हंडा पुसता पुसता आजी म्हणाली, "दे की. माझाबी भाव विचारून ये."

सगळे हसले. मी हंडा फिरवून पाहिला. त्यावर आजीचं लग्नाआधीचं नाव होतं. सासरी ते बदललं, आणि त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मलाही ते तेव्हाच कळलं.

हंडा सध्या मोरीत आहे, पाण्याने भरलेला. बुडाशी थोडा झिरपतो. डाग देणारा शोधतोय. शिरूरमध्ये तरी अजून कुणी मिळाला नाही, रविवारी दौंडला विचारणार आहे.