तीन ओळींचा इतिहास

वर्तमानपत्र निधनवार्तांच्या पानापासून वाचण्याची खोड मला लागली, तिचे मूळ आजोबांच्या अधू दृष्टीत होते. ‘आज कोण गेलं रे?’ हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न असे. आणि साखर पेठ, बाळीवेस, दाजी पेठ, तेलंगी पाच्छा पेठ अशी पत्त्यांची वाट तुडवीत सोलापूरच्या ‘संचार’ दैनिकातला तो बारीक टायपातला मजकूर मी त्यांना वाचून दाखवीत असे. त्यांचे कुतूहल मुळीच पारलौकिक नव्हते. मयत कोणत्या मिलमध्ये व कोणत्या खात्यात होता, त्याचे घराणे नलगोंड्याकडून आले की अक्कलकोटकडून, अंत्ययात्रा मोदी स्मशानभूमीकडे निघणार की रूपाभवानीकडे, एवढ्या तपशिलावरून ते त्या घराची तीन पिढ्यांची कैफियत मांडीत.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत संसार करणाऱ्या या शहरात १८७७ साली जुनी मिल उभी राहिली. तेव्हापासून पोटासाठी जी सहस्रावधी माणसे येथे आली, त्यांच्यापैकी बहुतेकांचे नाव छापील अक्षरांत आयुष्यात एकदाच उमटले, आणि ते वाचावयास ती स्वतः उरली नव्हती.

पुढे महसूल खात्यात कारकुनी पत्करल्यावर हेच मृत्यू मला सरकारी पोशाखात भेटले. वारसनोंदीच्या प्रकरणात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना नंबर १४, उघडावी लागे. कोतवाल बुक या नावाने ओळखले जाणारे ते दप्तर कित्येक ठिकाणी मोडीत असे. नाव, जात, वय, मृत्यूचे कारण, बस्स. एका पानावर लागोपाठ ‘पटकी’ लिहीत गेलेला तो हात कोणाचा असेल, हा प्रश्न रुजुवात घेताना मला नेहमी पडे. साहेबांना मात्र अर्जदाराच्या बापाची तारीख तेवढी हवी असे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ज्या वह्यांना वाळवीखेरीज वाचक नव्हता, त्यांच्यासाठी मोडी जाणकारांना सन्मानाने पाचारण होऊ लागले. आनंद झाला, परंतु त्या शोधात जातीचा रकाना तेवढा वाचला गेला, आणि शेजारच्या रकान्यांतली माणसे पुन्हा मिटून ठेवली गेली.

इतिहासाची ही निवड जुनीच आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची नावे सोलापुरातले शाळकरी पोरही सांगेल, आणि सांगावीतच. मात्र त्याआधी, शहरात मार्शल लॉ पुकारला जाण्यापूर्वी, ८ मे १९३० च्या गोळीबारात पडलेल्या शंकर शिवदारे यांचे नाव घेताना थोरामोठ्यांचीही जीभ अडखळते. मोठ्यांच्या मृत्युलेखांत तर गुणगौरव इतका दाटतो, की माणूस कोठे राहत होता हेसुद्धा शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून गावाचा वृत्तांत जाणू इच्छिणाऱ्याने अग्रलेखांआधी निधनवार्तांच्या फायली चाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हे साधनही अलीकडे पातळ होत चालले आहे. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा बंद पडल्यानंतर काही वर्षे ‘निवृत्त मिल कामगार’ हे शब्द छापून येत. हळूहळू तेही गेले. आता चौकातल्या फ्लेक्सवर मयताच्या छायाचित्राभोवती श्रद्धांजली वाहणाऱ्यांची इतकी छायाचित्रे असतात, की नेमके निवर्तले कोण हे थांबून पाहावे लागते!

वाचकहो, घरात असा प्रसंग यावा असे कोण म्हणेल? पण आलाच, तर निधनवार्तेच्या त्या तीन ओळींत मूळ गाव लिहा, हयातभर केलेला उद्योग लिहा, बाईमाणूस असेल तर तिचे माहेरही लिहा, आणि कात्रणावर तारीख घालून ते जपून ठेवा. सुना-नातवंडांचा परिवार एका ओळीने कमी छापला गेला तरी चालेल.